सात नंबरचे अकरा हॉलिडे

आमच्या बिल्डिंगमध्ये मला "समुद्रातून तेल काढणारे सुर्वेकाका" म्हणतात. ही अफवा माझ्या बायकोने उठवली. मी ती कधी खोडून काढली नाही, कारण खरं सांगायला बसलो की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनीच विचारलंय तर सांगून टाकतो. मी तेलाचा एक थेंबही काढलेला नाही. तेल काढणारी रिग मी पाहिली ती कॅलेंडरवरच्या चित्रात. बोटीत पाय ठेवला की मला मळमळतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायचं तरी मी खिशात लिंबू ठेवतो.

मी रिगवरच्या सामानाला रंग लावून घ्यायचो. "रंग" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भिंत आणि चुना येतो, आणि माझं डोकं फिरतं. अहो, खारं पाणी लोखंडाला कसं खातं ते कधी बघितलंय? बोटभर जाड पत्रा दोन-तीन वर्षांत बिस्किटासारखा हातात येतो. म्हणून समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक लोखंडी वस्तूला जाड, चिवट, काचेसारखा गुळगुळीत थर द्यावा लागतो. धंद्यात त्याला कोट म्हणतात. पण रिगवर साखळ्या घासतात, लाटा आपटतात, माणसं हातोडे टाकतात, आणि कोट झिजतो. मग तो भाग खोलून बोटीने गोदीत आणायचा, तिथून ट्रकने आमच्याकडे. आम्ही जुना कोट पार सोलून काढायचो आणि नवा चढवायचो.

आमची शेड घाटकोपरला, आग्रा रोडपासून आत. मालक लिमये. त्यांचा मूळ धंदा लोखंडी कपाटं रंगवायचा. सत्तरनंतर चार-पाच वर्षांनी समुद्रात तेल लागल्याची बोंब झाली, आणि लिमयांनी एका रात्रीत पाटी बदलली. "स्टील कपाटे" पुसून "मरीन कोटिंग्ज" आलं. पाटीच्या कोपऱ्यात कपाटाचं चित्र मात्र बरीच वर्षं तसंच राहिलं होतं.

काम तसं सरळ. आधी दाबाच्या हवेने लोखंडावर वाळू मारायची. जुना रंग, गंज, सगळं उडून लोखंड पांढरंफटक दिसलं पाहिजे. मग लगेच कोट द्यायचा. लगेच म्हणजे लगेच! आमच्या मुंबईच्या दमट हवेत उघडं लोखंड दोन-तीन तासांत पिवळं पडायला लागतं. रंग दोन डब्यांत यायचा. दोन्ही एकत्र ढवळले की घड्याळ सुरू. ठरलेल्या वेळेत मारला नाही तर बादलीतच दगड. मालकांनी एकदा रंग नीट ढवळलाय का ते बघायला आपली छत्री आत बुडवली आणि तेवढ्यात त्यांचा फोन आला. ती छत्री पुढे बादलीसकट भिंतीशी उभी असायची. पावसाळ्यात मालक तिच्याकडे बघून उसासा टाकायचे.

शेडमागे चाळ होती आणि चाळीतल्या बायका पापड करून विकायच्या. आमची वाळू उडून त्यांच्या पापडांवर बसायची. एके दिवशी सात-आठ जणी लाटणी घेऊन मालकांच्या केबिनमध्ये शिरल्या. त्यांच्या म्होरक्या शांताबाईंनी एक पापड मालकांच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "खा! खाऊन दाखवा!" मालकांनी बिचाऱ्यांनी खाल्ला. कर्रकन आवाज झाला. त्या दिवसापासून पापड उन्हात असेपर्यंत वाळू बंद, असा नियम झाला. आमच्या शेडचं वेळापत्रक सूर्यावर नव्हे, पापडांवर चालायचं.

मालकांनी एकदा स्वस्त पडते म्हणून मानखुर्दकडून खाडीची वाळू आणली. वाळूत मीठ. ते लोखंडावर बसलं, वरून आम्ही झकास कोट दिला, आणि आठवड्याभरात कोटला टम्म फुगे आले. शांताबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "तुमचे पापड तर आमच्यापेक्षा छान फुगलेत की!" सगळं काम पुन्हा सोलावं लागलं.

वाळूचं आणखी एक सांगतो, त्यात हसण्यासारखं काही नाही. ती वाळू फुटून बारीक धूळ व्हायची आणि आमच्या माणसांच्या नाकातोंडात जायची. तोंडाला एक ओला रुमाल, बस्स. पापड वाचवायला आम्ही नियम केला, पण छाती वाचवायला केला नाही. मी सुपरवायझर होतो. मला सुचायला हवं होतं.

आता परबची ओळख करून देतो. दाजी परब, मालवणकडचा, माझ्याच वयाचा, आमचा पहिल्या नंबरचा कारागीर. वाळू तोच मारायचा आणि रंगाची गनही तोच धरायचा. त्याचा हात असा की पायपेवर कोट कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळू नये. आपल्या कामाचा गर्वही तेवढाच. ताज्या कोटवर कोणी बोट लावलं तर तो भांडायला उठायचा. त्याच्या छातीवर पितळी बिल्ला, नंबर सात. आम्हा सगळ्यांनाच असे बिल्ले होते. माझा बारा.

त्या वर्षी आमच्याकडे चौदा पायपा आल्या. रिगवर समुद्राचं पाणी वर खेचणारा पंप असतो, त्याच्या या पायपा. सदा पाण्यात बुडालेल्या, त्यामुळे कोट अगदी चोख हवा. प्रत्येकीवर ठोकून नंबर घातलेला, एक ते चौदा. एवढं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. गणपती महिन्यावर आले होते आणि परबने अकरा दिवसांची रजा मागितली होती.

दरवर्षी मागायचा, पण यंदाची गोष्ट वेगळी होती. परबांच्या मूळ घरचा गणपती तीन घरांत वाटलेला. दरवर्षी एका घराकडे पूजेची पाळी. ज्याची पाळी, त्याच्या कर्त्या पुरुषाने सगळ्या भावकीसमोर उभं राहून देवाला गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे मोठ्याने देवाशी बोलायचं, सगळ्यांसाठी मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. परबचे वडील आदल्या वर्षी वारले होते.

"सुर्व्या, औंदा पाळी आमची," तो मला म्हणाला. "बाबा गेले. गाऱ्हाणां आता माकाच घालूचां आसा. मी नाय गेलंय तर काकाचो झील घालतलो. आणि मगे जल्मभर सांगत फिरतलो, मुंबयकारांका देव नको. आवशीक माझ्या काय वाटात?"

मालकांनी रजा मंजूर केली. परबने एस.टी.चं तिकीट काढलं, पायपा रंगवून टाकल्या, आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग मी माती खाल्ली.

क्रिकेटची मॅच होती. मला दोन दिवस हवे होते आणि मालकांना क्रिकेटची ॲलर्जी. म्हणून मी माझ्या मावशीचे यजमान वारल्याचं कळवलं. माणूस ठणठणीत होता, मॅचला माझ्या शेजारी बसून खारे दाणे खात होता. नेमक्या त्या दोन दिवसांत रिगच्या कंपनीचा गोरा इन्स्पेक्टर पायपा तपासायला आला. हा साहेब डोक्यावरची पिवळी टोपी चहा पितानासुद्धा काढायचा नाही, म्हणून आम्ही त्याला टोपीसाहेब म्हणायचो. मालक बँकेत गेलेले. शेडमध्ये इंग्रजी समजणारा म्हणजे मी, कारण मी मॅट्रिकला इंग्रजीत बेचाळीस मार्क काढले होते. आणि मी तर स्टेडियममध्ये. साहेबाला सामोरा गेला परब.

मी परत आलो तेव्हा परब हवेत होता.

"सुर्व्या, काय देवमाणूस रे तो! गळ्यात पेटी घालून इलो. पेटीक वायर, वायरीक तारेचो ब्रश. पायपार ब्रश फिरयत होतो. मधीच पेटीतली घंटा वाजली. माझ्याकडे बघल्यान आणि म्हटल्यान, हॉलिडे! मी म्हटलंय, येस साहेब, गणपती! परत घंटा. परत, हॉलिडे! मी म्हटलंय, व्हय रे बाबा, गणपती! त्या एका पायपार अकरा येळा इचारल्यान, अकरा येळा सांगलंय. मगे बोटां मोजल्यान, इलेव्हन. मी म्हटलंय, इलेव्हन, बरोबर! कागदार लिवन घेतल्यान, सुर्व्या!"

"घंटा कसली रे?"

"काय म्हायत. त्येंचो देव असात. आणि माझ्या पायपार खडून गोल काढून ठेवल्यान, शाळेतल्या पोरासारखे. मी सगळे पुसून टाकलंय. माझ्या कोटार खडू?"

मला वाटलं, परब गजाली मारतोय. मालवणी माणसाचं निम्मं ऐकावं आणि निम्मं सोडावं, हा माझा हिशेब. त्या दिवशी मी नेमकं चुकीचं निम्मं सोडलं.

तीन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून वाचायला दिलं. मजकूर इंग्रजीत, दोन ओळींचा. मी मालकांना मराठीत सांगितला तो असा: "या कामावरच्या हॉलिडेंची संख्या अजिबात मान्य नाही. माल पाठवण्यापूर्वी सर्व हॉलिडे दूर करावेत. एकही हॉलिडे चालवून घेतला जाणार नाही."

मालकांचा चेहरा उतरला. "अहो सुर्वे, यांना आपल्या सुट्ट्यांचं काय करायचंय?"

"फॉरेनची शिस्त असते ना," मी म्हणालो.

खाली यादी होती. वर फक्त "नंबर" लिहिलेलं. नंबर सात, हॉलिडे अकरा. मालकांनी मस्टर उघडलं. बिल्ला नंबर सात, परब, अकरा दिवस. आम्ही एकमेकांकडे बघितलं. पुढची ओळ, नंबर तीन, हॉलिडे मोजता येणार नाहीत इतके. तीन नंबरचा बिल्ला पवारचा होता. तो सहा महिन्यांपूर्वी गावी गेला तो आलाच नव्हता.

"बाप रे!" मालक म्हणाले. "यांना पवारसुद्धा माहीत?"

शेवटची ओळ वाचून मला घाम फुटला. नंबर बारा, हॉलिडे दोन. दोन! मालकांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "तुमच्या मावशीच्या यजमानांचे दोन दिवससुद्धा धरलेत हो मेल्यांनी. माणुसकी म्हणून नाही." मी मान खाली घातली. माझ्या मनात एकच, टोपीसाहेबाने मला स्टेडियममध्ये बघितलं! चोराच्या मनात जे असतं तेच त्याला कागदावर दिसतं. मी शांत डोक्याने पत्र वाचलं असतं तर चौदा पायपा आणि चौदा नंबर माझ्या ध्यानात आले असते. पण मी तर बारा नंबरवरच गारठलो होतो.

मालकांनी फळ्यावर नोटीस लावली. सर्व रजा रद्द. पत्राचं उत्तर मी इंग्रजीत लिहिलं, त्याचा मराठी अर्थ असा होता: "सर्व हॉलिडे तात्काळ रद्द केले आहेत. सात नंबरला कडक ताकीद दिली आहे. बारा नंबर मनापासून माफी मागत आहे. तीन नंबर फरार आहे."

परबने नोटीस वाचली. मला वाटलं, आरडाओरडा करील. त्याने खिशातून एस.टी.चं तिकीट काढून बघितलं आणि परत ठेवलं. मग म्हणाला, "त्याणीच इचारल्यान, आणि त्याणीच काढून घेतल्यान?" दुसऱ्या दिवशी तो मालकांकडे गेला आणि सांगून आला की मी जाणार, नोकरी ठेवायची तर ठेवा. मालकही हट्टाला पेटले. म्हणाले, गेलास तर परत येऊ नकोस, कंपनीचं काम तुझ्यापायी घालवणार नाही. मधल्या मध्ये माझी वाट लागली. घरी जेवण जाईना. परबला तीन पोरं होती, त्याची नोकरी जाणार होती, आणि कशापायी जाणार ते माझं मलाच नीट कळत नव्हतं.

चतुर्थीच्या तीन दिवस आधी टोपीसाहेब आला. हातात माझं पत्र, कपाळाला आठ्या. मालक हात जोडून पुढे, मी मागे, परब गन साफ करत कोपऱ्यात.

साहेबाने विचारलं, "सात नंबरला ताकीद दिली म्हणजे नेमकं काय केलं?"

"वॉर्निंग, सर! स्ट्रिक्ट!" मालक म्हणाले.

साहेबाने सात नंबरच्या पायपेकडे बघितलं. "मग तिचं काय म्हणणं पडलं?"

मालकांनी परबकडे बोट दाखवलं. "व्हेरी अँग्री, सर."

"आणि बारा नंबरने माफी मागितली?"

मला राहवलं नाही. मी पुढे झालो आणि म्हणालो, "सॉरी, सर. ओन्ली टू डेज. क्रिकेट."

साहेबाने माझं पत्र घडी करून खिशात घातलं. मग त्याने पेटी गळ्यात अडकवली, वायर पायपेला लावली आणि सात नंबरवर ब्रश फिरवायला लागला. मध्येच पेटीतली घंटा वाजली, ब्रशाच्या टोकाशी बारीकशी निळी ठिणगी उडाली. "हॉलिडे!" साहेब ओरडला आणि तिथे खडूने गोल काढला.

माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. कोटमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं, तर तिथून पाणी शिरून सगळं लोखंड खाऊन टाकतं. डोळ्याला ते दिसत नाही. ती पेटी वीज सोडून ते शोधते. आणि असल्या भोकाला इंग्रजीत हॉलिडे म्हणतात! म्हणजे त्या तेवढ्या जागेपुरती ब्रशाने सुट्टी घेतली. आम्ही शेडमध्ये त्याला "डोळा" म्हणायचो. आता गोऱ्या लोकांना एवढ्याशा भोकाला सुट्टी म्हणायची बुद्धी होईल, हे बेचाळीस मार्कांत कुठून कळणार?

मी मालकांच्या कानात सांगितलं. मालक खुर्चीवर बसले. खुर्ची नव्हती, रंगाचा डबा होता.

साहेबाचं अजून संपलं नव्हतं. त्याने खिशातून आपल्या रिपोर्टची नक्कल काढली. म्हणाला, "या कारागिराने मला तुमचा इकडचा शब्द शिकवला. दर भोकाला सांगत होता. मी रिपोर्टात तोही घातलाय." रिपोर्टात टाईप केलेलं होतं, सात नंबर, अकरा गणपती. मालकांनी आधी कागदाला नमस्कार केला आणि मग कपाळावर हात मारला.

हसू ओसरल्यावर खरी पंचाईत पुढे उभी राहिली. ट्रक चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी लागणार होता. तीन नंबर पूर्ण सोलून पुन्हा रंगवायची, ते दुसऱ्या दोघांना जमण्यासारखं होतं. पण सात आणि बारा नंबरचे तेरा डोळे बुजवणं नाजूक काम. प्रत्येक भोकाभोवती घासायचं, दोन डब्यांतला चमचा-चमचा रंग कालवायचा, कडा दिसणार नाही असा भरायचा, वाळू द्यायचा, परत भरायचा. हे परबचं काम. आणि परबची एस.टी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

"परब, आता तरी थांब बाबा," मालक म्हणाले. आवाजात विनवणी होती, पण रजेचं नाव नव्हतं.

"मी करतो," मी म्हणालो. "त्याला जाऊ द्या."

"तुम्ही? हातात ब्रश धरून किती वर्षं झाली, सुर्वे?"

"धरीन. चुकलं तर माझी नोकरी घ्या, त्याची नको."

मालकांनी साहेबाकडे बघितलं. साहेब म्हणाला, कोण करतंय याच्याशी मला काही नाही, घंटा वाजता कामा नये. परबची रजा परत मंजूर झाली.

परबने मला मिठी मारली, रंगाच्या हातांनी. "सुर्व्या, तू माझ्यासाठी रवलंस. ह्या जल्मात इसरूचंय नाय." पत्राचा चुकीचा अर्थ मालकांनी लावला, असंच तो समजत होता. मी त्याला तसंच समजू दिलं. खरं सांगतो, तोंड उघडायची हिंमत झाली नाही. लाज वाटत होती.

मी दोन दिवस त्या पायपांवर वाकून बसलो. चतुर्थीला शेड बंद, पण मी, मालक आणि टोपीसाहेब हजर. पायपा लाकडी घोड्यांवर उंच ठेवलेल्या, मी फळीवर चढून वायर धरलेली, साहेब खालून ब्रश फिरवतोय. आणि दुपारी बाराच्या सुमारास मागच्या चाळीत घरोघरी आरत्या सुरू झाल्या. जिकडेतिकडे घंटा! एक वाजली की साहेब थांबायचा, गोल काढायला खडू उचलायचा, मी ओरडायचो, "नो सर! गणपती!" साहेब म्हणायचा, "हो, तेच विचारतोय, गणपती कुठे आहे?" मी चाळीकडे बोट दाखवायचो. मालकांनी शेवटी चाळीतल्या एका पोराला शांताबाईंकडे पाठवलं, पाच मिनिटं आरती थांबवता का म्हणून. त्यांनी उलट निरोप पाठवला, तुमचीच पायप थांबवा.

सात नंबरच्या शेवटच्या जागेशी ब्रश आला आणि अगदी कानाशी टणकन घंटा वाजली. मी दचकलो, पाय मागे टाकला, आणि फळीवरून खाली. उजवा पाय मुरगळला. जिवाच्या आकांताने विचारलं, "सर, हॉलिडे?" साहेबाने नाही म्हणून मान हलवली. दारात शांताबाई प्रसादाचं ताट आणि हातात घंटी घेऊन उभ्या होत्या.

चौदाही पायपा पास झाल्या. साहेबाने मोदक खाल्ला, टोपी न काढता.

अकरा दिवसांनी परब परतला. पिशवीत खाजा, चेहरा उजळलेला. मला लंगडताना बघून त्याने विचारलं, "काय झालां रे?"

"पडलो फळीवरून. चतुर्थीला."

"कितक्या वाजता?"

"बाराच्या सुमारास असेल."

परबचा चेहरा पडला. पिशवी खाली ठेवली. "खयचो पाय?"

"उजवा."

तो स्टुलावर बसला. मग हळूहळू सांगायला लागला. त्याने गाऱ्हाणं घातलं होतं, पहिलंच. भावकी खूश, आई रडली. सगळ्यांसाठी मागून झालं, आणि शेवटी त्याला राग अनावर झाला. मालकांचं नाव घ्यायचं मनात होतं, पण अन्नदात्याचं नाव कसं घ्यायचं? म्हणून मोघम म्हणाला, बा म्हाराजा, माझ्या रजेत जेणा कोणी पाय घातल्यान, तेचो पाय मोडून तेच्या हातात दी! "आणि तीस माणसांनी म्हटल्यानी, व्हय म्हाराजा," परब म्हणाला. "पण मी मालकांका म्हटलेलंय रे. तुका कित्याक लागला तां?"

आता काय लपवायचं? मी सगळं सांगितलं. मॅच, मावशीचे यजमान, पत्र, बेचाळीस मार्क. परब ऐकत राहिला. मला वाटलं, आता हा कायमचा बोलणं टाकणार. तो म्हणाला, "म्हणजे पत्तो बरोबर लागलो." आणि असा हसला की हसता हसता त्याला खोकला लागला, तो थांबेचना. मी पाणी दिलं. तो खोकला मी आधीही ऐकला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. पुढच्याच महिन्यात मालकांशी भांडून वाळू मारणाऱ्यासाठी तोंड झाकणारी, स्वच्छ हवेच्या नळीची टोपी आणवली. उशीर झाला होता, पण आणवली.

परबच्या जिवाला मात्र टोचणी लागली होती. घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायचं तर पाळीशिवाय घेता येत नाही. पाळी तीन वर्षांनी. तीन वर्षं मला साधी ठेच लागली तरी तो हळहळायचा. पाळी आली तेव्हा त्याने माझं तिकीटही काढलं. "तू वांगडा येवचांच हा," म्हणाला. वाटेत एस.टी.त मला लिंबू लागलं.

चतुर्थीला मखरासमोर तीस-पस्तीस माणसं उभी. परबने मला पुढे ओढलं, हात जोडले आणि सुरुवात केली. शेताभातासाठी मागितलं. मुंबईला असलेल्यांसाठी मागितलं. आमच्या मालकांसाठी मागितलं, समुद्रात असलेल्या टोपीसाहेबासाठीसुद्धा मागितलं. दर दोन वाक्यांनी त्याचा श्वास अडकत होता, तो थांबत होता, आणि लोक वाट बघत होते. मग म्हणाला, "बा गणराया, ह्यो तो माणूस. हेका इंग्रजी येणा नाय, पण मन बरां हा. मागच्या पाळयेक रागान जां काय बोललंय, तां पदरात घे आणि हेचे दोनय पाय धड ठेव."

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं. त्यात सगळ्यांची नावं आली होती. स्वतःच्या छातीबद्दल परबने एक शब्द काढला नव्हता.

मला काय झालं कोण जाणे. पाळी नसताना तोंड उघडायचं नसतं हे मला माहीत होतं. तरी मी मोठ्याने म्हणालो, "बा म्हाराजा, ह्या परबाची छाती सांभाळ. तिच्यात वाळू माझ्यामुळे गेलीय."

काकाचा मुलगा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. परब खाली बघत होता. कोणी साथ देईना. मग मागून, भिंतीला टेकून बसलेल्या परबच्या आईने एकटीनेच आवाज दिला.

"व्हय म्हाराजा."